एकशे बासष्ट डिग्री

यात मी एकही गोष्ट वाढवून सांगितलेली नाही. उलट दोन-तीन गोष्टी गाळल्या आहेत, कारण त्या लिहायला घेतल्या की हात थांबतो. कंपनीचं नाव विचारू नका. बाकी सगळं जसं घडलं तसं.

भुतं रात्री येतात असं आपण धरून चालतो.

माझ्या बाबतीत तसं झालं नाही. गुरुवार होता. २३ नोव्हेंबर २०२३, दुपारचे सव्वातीन. यवतमाळला लागून असलेली लोहाऱ्याची एमआयडीसी. खिडकीतून चांगलं ऊन आत येत होतं. बाहेर गाडीत माल भरणं चालू होतं.

आणि खोलीत आम्ही दोघंच होतो.

निदान मी तरी दोघंच मोजले होते.

मी निशिगंधा. यवतमाळचीच. वडील कोर्टात कारकून होते. बीएस्सी केमिस्ट्री झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती ब्रेक ऑइलच्या एका लहान कंपनीत. तेल मोठ्या ड्रममधून यायचं. आमच्याकडे ते बाटल्यांत भरलं जायचं, लेबल लागायचं आणि जिल्ह्यातल्या दुकानांना जायचं. लॅबमध्ये माझं मुख्य काम एकच. प्रत्येक लॉटमधलं थोडं तेल घ्यायचं आणि ते किती डिग्रीला उकळतं ते बघायचं.

काचेच्या गोल फ्लास्कमध्ये तेल ओतायचं. एकदम उसळू नये म्हणून त्यात दगडाचे बारीक खडे टाकायचे. थर्मामीटर आत सोडायचा. फ्लास्कच्या डोक्यावर काचेची उभी नळी, तिच्याभोवती गार पाणी फिरतं. खालून हीटर. तेल उकळलं की वाफ नळीत चढते, गार होते आणि थेंब होऊन परत खाली पडते.

टप... टप... टप...

सेकंदाला एक थेंब पडायला लागला की थर्मामीटर वाचायचा. दोनशे पाच किंवा त्याच्यावर आलं तर माल पास. खाली आलं तर नापास.

हा आकडा एवढा महत्त्वाचा का, हे मला कॉलेजात कळलं नाही. ते मला फुलसिंगदादांनी सांगितलं.

फुलसिंग आडे, कंपनीच्या पिकअपचे ड्रायव्हर. घाटंजीकडच्या एका तांड्यावरचे. वय पंचेचाळीसच्या आसपास. गाडी भरून झाली की ते लॅबच्या दारात येऊन उभे राहायचे. आत कधीच यायचे नाहीत. चपलांना माती असते म्हणून. दारातूनच विचारायचे.

"किती आलं मॅडम?"

मी आकडा सांगायची. दोनशे अकरा. दोनशे चौदा. ते मान हलवायचे आणि जायचे.

एकदा मी म्हटलं, "दादा, तुम्हाला काय करायचं आहे आकड्याचं?"

"करायचं म्हंजे? गाडी मी चालवतो ना. उतारावर सारखा ब्रेक दाबला की चाकापाशी तेल तापते. चांगलं असलं त सहन करते. पाणी शिरलेलं असलं त उकळते, त्याची वाफ होते. मंग पेडल पोकळ लागते. दाबलं की खाली जाते. मांग एवढा माल, अन् पायाखाली नुसती हवा."

ते हसले. मीही हसले.

लॅबचे प्रमुख नंदकिशोर सर. मूळचे मारेगावचे, पन्नाशीतले. आवाज कधी चढवायचे नाहीत. मला बेटा म्हणायचे. खरं सांगते, मला ते आवडायचे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, पंचवीस ऑक्टोबरला, मी मागच्या शेडमधल्या ड्रमचा लॉट तपासायला घेतला. त्या शेडचे पत्रे पावसाळाभर गळत होते. ब्रेक ऑइल तर हवेतलंसुद्धा पाणी ओढून घेतं.

थेंब पडायला लागले. मी थर्मामीटर वाचला.

एकशे बासष्ट.

मला वाटलं माझंच काही चुकलं. फ्लास्क धुतला, वाळवला, नवं तेल घेतलं.

पुन्हा एकशे बासष्ट.

मी सरांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि खुर्ची ओढून बसले.

"थर्मामीटर गेला असंन बेटा."

"सर, सकाळच्या लॉटला बरोबर दाखवत होता."

"माल आज निघायचा आहे. दुसरा माल नाही आपल्यापाशी." त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं. त्यांनी शांतपणे लिहिलं, दोनशे आठ. मग रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. तपासणाऱ्याची सही लागायची तिथे. "कर सही. कायले डोकं खराब करून राह्यली. मी आहे ना."

मी सही केली.

वर बघते तर दारात फुलसिंगदादा.

"किती आलं मॅडम?"

सर माझ्याकडे बघत होते.

"दोनशे आठ," मी म्हणाले.

"बेस. माह्या गाडीतलं तेल बदलाचंच होतं. यातलंच टाकून घेतो."

माझ्या अगदी तोंडावर आलं होतं, दादा, थांबा. दोन शब्द. ते वळले, त्यांच्या चपलांचा आवाज दूर गेला आणि मी ते दोन शब्द गिळले.

दोन दिवसांनी, शुक्रवारी, संध्याकाळी पाचच्या सुमारास घाटंजीकडच्या एका लांब उतारावर त्यांची गाडी नाल्यात गेली.

फुलसिंगदादा जागेवरच गेले.

चौकशी झाली. सरांनी रजिस्टरच्या त्या पानाची नक्कल काढून दिली. तेल चांगलं होतं, आकडा दोनशे आठ. शनिवारी सर लोकांना सांगत होते, "डुलकी लागली असंन बिचाऱ्याले. नाही त पेऊन असंन." सोमवारपर्यंत त्यातलं 'असंन' गळून पडलं. ड्रायव्हर पिऊन होता, हेच सगळीकडे झालं. कागदावरही तेच आलं, दारू पिऊन चालकाची चूक.

मी रोज कामावर जात होते. रोज ठरवायचे, आज बोलायचं.

बोलले नाही.

वीस नोव्हेंबरला, सोमवारी, दुपारी एक बाई लॅबच्या दारात येऊन उभी राहिली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेले कागद.

"तुमच्या गाडीवर ड्रायव्हर होते ना, त्यायची घरवाली मी. शीला."

सरांनी बसा म्हटलं नाही. मीही नाही.

"ते पेत नव्हते साहेब. बारा वर्सं झाले, पोहरादेवीले शपथ घेऊन दारू सोडली त्यायनं. तरी सारे म्हणून राह्यले का पेऊन होते. माह्या पोरीले शाळेत बोलतात."

"आता त्याले आम्ही काय करावं बाई," सर म्हणाले.

"गाडीच्या समोर कापूस वेचून घरी जाणाऱ्या बाया होत्या. त्यायले वाचवाले गाडी नाल्यात घातली त्यायनं. आमच्याकडची विमलताई होती त्याच्यात. गाडीपाशी धावत गेली. म्हणे, यायची छाती पुरी दबली होती, तरी पाय दाबूनच राह्यले होते. जीव जायेपर्यंत. थप... थप... थप... झोपलेला माणूस ब्रेक दाबते का साहेब? पेलेला दाबते का?"

सरांनी रजिस्टर पुढे ओढलं.

"रिपोर्टवर दोनशे आठ आहे," सर म्हणाले. "तपासणी झालेली आहे. सही आहे."

त्या माझ्याकडे वळल्या.

"मॅडम तुमीच ना? ते घरी तुमचं नाव काढत. म्हणे, मॅडमनं आकडा सांगतला का मी बिनघोर गाडी काढतो. तुमी सांगा. किती होतं?"

मला त्यांच्या डोळ्यांत बघवेना. मी रजिस्टरकडे बघितलं.

"रिपोर्टवर आहे तेच," मी म्हणाले.

त्यांनी कागदांची पिशवी सावरली. मग निघाल्या. दाराबाहेर पाऊल टाकल्यावर थांबल्या, उजवीकडे मान वळवली आणि शेजारी कोणी उभं असावं तसं हळूच म्हणाल्या...

"ऐकलं ना तुमी?"

मी बघितलं. त्यांच्या शेजारी कोणीच नव्हतं.

त्याच दुपारी पहिली खूण मिळाली.

मी नव्या मालाचा लॉट लावला होता. चांगला माल, सीलबंद ड्रम. थेंब पडायला लागले. मी घड्याळाकडे बघत थेंब मोजत होते, आणि मला काहीतरी कमी वाटलं.

काय कमी आहे ते कळायला थोडा वेळ लागला.

थेंब पडत होते... पण आवाज नव्हता.

थेंब नळीतून सुटायचा, खाली तेलावर पडायचा, तेल हलायचं. आवाज नाही. मी कान जवळ नेला. मग लक्षात आलं, पंख्याचाही आवाज नाही. बाहेरच्या पॅकिंग मशीनचाही नाही. पंखा फिरत होता. काचेपलीकडे मशीन चालू दिसत होतं. पण सगळं मुकं.

आणि त्या शांततेत, माझ्या टेबलाखाली...

थप.

मी पाय वर घेतले.

थप... थप...

रबरी चप्पल घातलेला पाय काहीतरी दाबत होता. दाबलेलं खाली जात होतं आणि त्याला जोर लागत नव्हता. पोकळ. नुसती हवा.

मी वाकून बघितलं. टेबलाखाली काही नव्हतं.

सरळ झाले तेव्हा सगळे आवाज परत आले होते. पंखा, मशीन, थेंब. मी थर्मामीटर बघितला.

एकशे बासष्ट.

मंगळवारी मी तीन नमुने लावले. तिन्ही एकशे बासष्ट. सरांनी गावातून नवा थर्मामीटर मागवला. बुधवारी त्याने तपासलं. एकशे बासष्ट. सर चिडले नाहीत, पण त्यांची बोटं टेबलावर वाजायला लागली. त्यांनी गॅरेजमधून दुसऱ्याच कंपनीच्या तेलाची बंद बाटली आणवली, माझ्यासमोर सील फोडलं, स्वतः फ्लास्क भरला.

मी मनातल्या मनात आकडा म्हणत होते. तोच आला.

"तू काही करून राह्यली का?" सरांनी विचारलं.

"मी काय करणार सर?"

"मंग हे काय आहे?"

मी सांगितलं. आवाज जातात ते सांगितलं. टेबलाखालचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "त्या बाईनं तुझ्या डोक्यात भरवलं हे. दोन दिवस सुट्टी घे."

पण बोलताना ते दाराकडे बघत होते.

दारात उंबऱ्याच्या बाहेर काळी माती पडली होती. ओली. दोन पावलांएवढी. नोव्हेंबरात लोहाऱ्याला चिखल नसतो. पाऊस जाऊन महिना झाला होता. मी झाडू घेऊन ती काढली. ती थंडगार होती, नाल्यातल्या गाळासारखी.

दुसऱ्या दिवशी माती उंबऱ्याच्या आत होती.

तो गुरुवार.

 दुपारी जेवण झाल्यावर सर उठले आणि म्हणाले, "आज हा प्रकार संपवू. पाणी लावू."

थर्मामीटर बरोबर आहे का ते बघायचं असेल तर साध्या डिस्टिल्ड पाण्यावर बघतात. पाणी खोटं बोलू शकत नाही. यवतमाळ थोडं उंचावर आहे, त्यामुळे आमच्या लॅबमध्ये पाणी साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास उकळायचं. पास-नापासचा प्रश्नच नव्हता.

सरांनी स्वतः पाणी ओतलं. खडे टाकले. थर्मामीटर सोडला. हीटर चालू केला. रजिस्टर उघडून शेजारी ठेवलं. मी त्यांच्या मागे, कपाटाला पाठ लावून उभी होते.

सव्वातीन वाजले होते.

पन्नास. सत्तर. नव्वद.

"बघ," सर म्हणाले. "आता उकळंन."

पंच्याण्णव. साडेअठ्ठ्याण्णव. शंभर.

पाणी हललं नाही.

बुडबुडा नाही, वाफ नाही. आरशासारखं स्थिर. खड्यांवर हवेचा एक कणसुद्धा नाही.

एकशे दहा.

"सर, हीटर बंद करा," मी म्हणाले.

त्यांनी हात पुढे केला नाही. ते नुसते बघत होते.

एकशे वीस.

बाहेर माल भरणाऱ्यांच्या हाका चालू होत्या. त्या थांबल्या. पंखा फिरत होता, त्याचा आवाज गेला. माझा स्वतःचा श्वास मला ऐकू येईना.

एकशे तीस... पाणी तसंच. हे होऊच शकत नाही, उघड्या भांड्यात पाणी एवढं तापूच शकत नाही, हे मला पाठ होतं. समोर ते तापत होतं.

थप.

सरांनी ऐकलं. त्यांच्या मानेवरून मला कळलं.

थप... थप...

आवाज आता माझ्या टेबलाखाली नव्हता. तो सरांच्या खुर्चीखाली होता.

ते उठायला गेले, पण उठले नाहीत. त्यांचा उजवा पाय जमिनीला चिकटल्यासारखा झाला होता. मी पुढे होऊन हीटरचं बटण बंद केलं. लाल दिवा विझला.

पारा चढतच राहिला.

एकशे चाळीस. एकशे पंचेचाळीस.

मग दारातून... नाही, दारातून नाही. खोलीच्या आतून, सरांच्या अगदी खांद्यापाशी, कोणीतरी विचारलं.

"किती आलं?"

फुलसिंगदादांचा आवाज होता. पण तो हसरा नव्हता. त्यात ओलावा होता, छातीत पाणी भरलेल्या माणसाचा असतो तसा.

सरांनी मान वळवली नाही. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. समोर थर्मामीटरवर एकशे पन्नास दिसत होतं. मला मागून दिसत होतं, त्यांना तर दिसतच होतं.

"साडे... साडेअठ्ठ्याण्णव," सर म्हणाले.

आणि त्यांनी पेन उचललं.

मी हे कधीच विसरणार नाही. तशा वेळीसुद्धा त्यांनी रजिस्टरमध्ये तेच लिहिलं. साडेअठ्ठ्याण्णव. जे यायला पाहिजे ते. त्यांना दुसरं काही लिहिताच येत नव्हतं.

थपथप थांबली.

एकदम शांत झालं. मला वाटलं, संपलं.

मग माझ्या उजव्या कानाशी गार हवा लागली. गाळाचा वास आला.

"मॅडम?"

मी डोळे मिटले नाहीत. मिटायला हवे होते. मी थर्मामीटरकडे बघत राहिले, कारण दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती.

"दादा, एकशे बासष्ट," मी म्हणाले. "तेव्हाही एकशे बासष्टच होतं."

पारा तिथेच होता. नेमका.

आणि पाणी उसळलं.

फ्लास्क फुटल्याचा आवाज मला आलाच नाही. मला फक्त पांढरं दिसलं. सगळं पाणी एका क्षणात उठलं आणि सरांच्या तोंडावर, छातीवर गेलं. मग आवाज परत आले, आणि त्यात पहिला आवाज सरांच्या ओरडण्याचा होता.

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. माझ्या कपड्यांवर थेंब नव्हता, तोंडावर नव्हता. फक्त उजव्या हाताला लागलं. अंगठा आणि पहिली दोन बोटं. पेन धरतो तेवढीच.

लोक धावत आले. सरांना गाडीत घातलं. तेव्हा त्यांच्या खुर्चीखालची फरशी मी बघितली. काळ्या मातीचे दोन ठसे होते. उजवा खूप खोल, फरशीवर उठूच शकणार नाही एवढा स्पष्ट. एकाच जागी पुन्हा पुन्हा दाबल्यासारखा.

सर वाचले.

लोकांना वाटतं, मेलेला माणूस सूड घेतो म्हणजे जीव घेतो. सर आजही मारेगावला त्यांच्या घरी आहेत. एका डोळ्याने दिसत नाही. चेहऱ्यावरची कातडी ओढल्यासारखी झाली आहे. पण डॉक्टरांना कोडं आहे ते दुसरंच. त्यांच्या पायाला काहीच लागलं नव्हतं. तरी दवाखान्यात दुसऱ्या दिवसापासून त्यांचा उजवा पाय हलायला लागला. खाली... वर... खाली. पलंगाच्या कठड्यावर. झोपेच्या इंजेक्शननेही थांबला नाही. नसांचा आजार म्हणून नागपूरला दाखवलं, सगळ्या तपासण्या झाल्या. नसा चांगल्या आहेत.

मी एकदाच भेटायला गेले. त्यांच्या पत्नीने चहा दिला. आतल्या खोलीतून तो आवाज येत होता.

"दिवसभर चालते," त्या म्हणाल्या. "आम्हाला आता सवय झाली. फक्त झोपेत ते म्हणतात, लागत नाही, लागत नाही. काय लागत नाही ते विचारलं त सांगत नाहीत."

मी चहा तसाच ठेवून उठले.

डिसेंबरात मी लेखी दिलं. तेल एकशे बासष्टला उकळलं होतं, दोनशे आठ हा आकडा खोटा आहे, आणि खाली माझी सही आहे ती मी जाणूनबुजून केली आहे. डाव्या हाताने लिहिलं, उजवा अजून बांधलेला होता. नोकरी सोडली. घरी वडील आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. खोटी सही केली म्हणून, की ती कबूल केली म्हणून, ते मी विचारलं नाही. पुढे तपास नव्याने सुरू झाला. तो अजून चालू आहे. पण दारू पिऊन होता, हे वाक्य कागदावरून निघालं.

त्या दुरुस्त कागदाची एक प्रत घेऊन मी तांड्यावर गेले.

शीलाताई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मला ओळखलं. बाज दाखवली. मी बसले नाही. उभ्याउभ्या सगळं सांगितलं, त्या दिवशी ते दारात आले तेव्हा मी काय म्हणाले इथपासून. काहीच लपवलं नाही. लॅबमधलं ते पाण्याचंही सांगितलं.

त्यांनी शेंगा सोलणं थांबवलं नाही.

"म्हंजे तुमाले मालूम होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"अन् ते दारात उभे होते."

"हो."

"दोन शब्द बोलाचे होते तुमाले."

मला रडू आलं. त्यांनी मला गप्प केलं नाही की हाकललं नाही. मी म्हटलं, "शीलाताई, मला माफ करा. त्यांनाही सांगा, जमलं तर."

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या मागे. अंगणाच्या फाटकाकडे. बराच वेळ बघत राहिल्या.

"सांगीन," त्या म्हणाल्या. "पण ते काय म्हणतीन, ते मले मालूम नाई. काई बोलले त तुमाले फोन करीन."

मी मागे वळून न बघता तिथून निघाले. त्या फाटकातून बाहेर कशी पडले, ते मला आठवत नाही. मी माझा नंबर देऊन आणि त्यांचा घेऊन आले होते.

त्याला आता दोन वर्षं होत आली. मी घरीच दहावी-बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवते. प्रयोगाचा भाग दुसऱ्या मॅडम घेतात. हाताची बोटं बरी झाली आहेत, फक्त पेन जास्त वेळ धरता येत नाही. मला तसलं काही दिसत नाही, ऐकू येत नाही. चांगलं चाललं आहे, असं मी सगळ्यांना सांगते.

मागच्या महिन्यात, एका दुपारी, शिकवणी चालू असताना फोन वाजला. शीलाताईंचं नाव आलं.

मी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला परत आला. खूप वेळ वाजला. मुलं माझ्याकडे बघत होती. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, फोन घ्या ना, आम्ही थांबतो."

मी फोन उलटा करून ठेवला आणि फळ्याकडे वळले. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही. मीही लावलेला नाही.

तो फोन कशासाठी होता, हे मला माहीत नाही. कदाचित तपासाचं काही असेल. कदाचित मुलीच्या शाळेचं.

कदाचित ते काहीतरी बोलले असतील.